ग्लेनकोलमकिलला धावत जाऊ नका

मागच्या अंकात आयर्लंडच्या वायव्य टोकाच्या ग्लेनकोलमकिल या खोऱ्याचा मी ओझरता उल्लेख केला होता. मोहर इथल्या प्रसिद्ध समुद्रकड्यांवर गर्दीत उभं राहण्यापेक्षा डोनेगल काउंटीतल्या या कोपऱ्यात दोन रात्री काढा, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलं. मी शेजारच्या स्लायगोत राहते आणि सवड मिळाली की तिकडे जाते. त्यामुळे उत्तरं पुस्तकी नाहीत, पक्षपाती मात्र आहेत.

प्रश्न : मुलगी डब्लिनला असते. जूनमध्ये तिच्याकडे तीन आठवडे राहणार आहे. तुम्ही त्या जागेला ‘पॅरिश’ म्हणता, म्हणजे नक्की काय? तिथे किल्ला, राजवाडा, मोठं चर्च असं काही आहे का? मुलगी म्हणते, एका दिवसात जाऊन येऊ. माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. (निवृत्त शिक्षिका, सांगली)

बाई, एका दिवसात जाऊन येता येतं, पण मग तुम्हाला दिसेल तो फक्त रस्ता. डब्लिनहून गाडीने एका बाजूलाच चार तासांच्या वर लागतात. मुलीला दोन रात्रींची रजा टाकायला सांगा.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या पदरातली गावं, वाड्या, शेतं आणि माणसं. लग्न-मयत त्या चर्चमध्ये, शाळा बहुधा त्याच्या छत्राखाली, आणि गेलिक फुटबॉलचा संघसुद्धा पॅरिशचा. इथल्या संघाचं नावच ‘नीव्ह कोलंबा’, म्हणजे संत कोलंबा. कोलंबा आणि कोलमकिल एकच. डोनेगलमध्येच गार्टनला 521 च्या सुमारास जन्मला, 563 मध्ये समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या आयोना बेटावर मठ काढला आणि 597 मध्ये तिथेच वारला. पॅट्रिक आणि ब्रिजिड यांच्याबरोबर आयर्लंडच्या तीन पालकसंतांत त्याची गणना होते. या खोऱ्यात तो राहिला होता याचा त्याच्या काळातला लेखी पुरावा काही नाही. खोऱ्याला मात्र पुराव्याची गरज कधी वाटली नाही.

इथली कथा अशी सांगतात. सेंट पॅट्रिकने हुसकावलेली भुतं या खोऱ्यात शिरली आणि दाट धुकं पांघरून बसली. कोलमकिल आला तेव्हा धुक्यातून होली नावाच्या काटेरी पानांच्या झाडाची काठी सणसणत आली आणि त्याचा सेवक जागीच गेला. संताने तीच काठी उलट भिरकावली, ती पडली तिथे होलीचं झाड उगवलं. मग त्याने आपली घंटा फेकली, धुकं विरलं आणि भुतं समुद्रात पळून मासे झाली. डोनेगलचा सरदार मॅनस ओडोनेल याने 1532 मध्ये संताचं मोठं चरित्र सिद्ध करवून घेतलं, त्यात ही कथा आहे. तुम्ही गेलात आणि धुकं पडलेलं असलं तर चिडू नका, निदान कथेला साजेसं आहे असं म्हणा.

किल्ला नाही, राजवाडा नाही. आहेत त्या शिळा. पुरुषभर किंवा त्याहून थोड्या कमी उंचीच्या उभ्या दगडी फरश्या, त्यांवर कोरलेले क्रूस आणि भौमितिक वेलबुट्ट्या, साधारण बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या. त्या संग्रहालयात नाहीत. कुणाच्या कुरणात, कुणाच्या कुंपणालगत, एखादी रस्त्याच्या कडेला. अशा पंधरा थांब्यांची मिळून सुमारे पाच किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. तिला ‘तुरस’ म्हणतात आणि 9 जूनला, संताच्या दिवशी, लोक ती चालतात. काही जण मध्यरात्रीच निघतात, जुन्या रीतीने अनवाणी. काही थांबे तर ख्रिस्ती धर्माच्याही आधीचे आहेत, नवाश्मयुगातल्या थडग्यांचे उरलेले दगड. धर्म बदलला तरी पाय त्याच दगडांकडे वळत राहिले, याचं मला अजूनही नवल वाटतं.

एका शिळेला वरच्या बाजूला आरपार भोक आहे. मन निर्मळ असलं तर त्यातून स्वर्ग दिसतो अशी समजूत. लग्न ठरलेली जोडपी पूर्वी दोन बाजूंना उभी राहून त्यातून बोटं जुळवत, असंही सांगतात. मला त्यातून समोरचा डोंगर आणि दोन मेंढ्या दिसल्या. मनाचं काय ते तुम्हीच ठरवा.

आता गुडघे. सगळे पंधरा थांबे करायचा हट्ट धरू नका. खोऱ्याच्या उत्तर अंगाच्या उतारावर कोलमकिलची विहीर आणि त्याची ‘शय्या’ आहे, तिकडची वाट चढाची आणि पावसात निसरडी. प्रॉटेस्टंट चर्चच्या आसपासच्या शिळा मात्र सपाटीवर, रस्त्यालगत आहेत. तेवढ्या पाहायला काठी टेकत तासभर पुरे. विहिरीपाशी दगडांचा प्रचंड ढीग आहे. येणारा प्रत्येक यात्रेकरू तीन दगड आणून टाकतो, त्यातून शतकानुशतकं तो वाढलेला. मुलीला वर पाठवा, तुमच्या वाटचेही दगड तिच्याकडे द्या. असं चालतं की नाही हे मी कुणाला विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारू नका.

जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो. दुपारी पाऊस आला तर खुशाल झोप काढा आणि संध्याकाळी सातला बाहेर पडा. त्या वेळी ऊन तिरपं येतं, कोरीव रेषा उठून दिसतात. भरदुपारी त्याच शिळा सपाट वाटतात आणि माणसं फोटो काढून ‘एवढंच?’ म्हणत परत जातात.

प्रश्न : भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा व्हिसा काढला की डोनेगलला जाता येतं ना? आमच्याकडे शेंगेन व्हिसाही आहे. गाडी भाड्याने घ्यायची नाही. (नाशिक)

शेंगेनचा इथे काही उपयोग नाही. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही. वेगळा व्हिसा काढावाच लागतो.

खरी मेख पुढे आहे आणि ती कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. नकाशा उघडा. डोनेगल ही आयरिश प्रजासत्ताकातली काउंटी, पण तिच्या आणि डब्लिनच्या मध्ये उत्तर आयर्लंडचा तुकडा येतो, आणि तो युनायटेड किंगडममध्ये मोडतो. डब्लिनहून डोनेगल गावाला जाणारी थेट बस एनिसकिलनवरून, म्हणजे त्या तुकड्यातून जाते. सरहद्दीवर फाटक नाही, शिपाई नाही, वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसायला लागल्या की आपण ओलांडली असं समजायचं. पण तपासणी नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. तुमच्या व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा, ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असेल तर प्रश्नच नाही. भारतीयांना ती सवलत मिळते. हा शेरा नसेल आणि ब्रिटनचा व्हिसाही नसेल, तर त्या बसने जाऊ नका. बस थांबवून कागद पाहिल्याची उदाहरणं आहेत. डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनाही हे लागू होतं. आयर्लंडचं निवासपत्र म्हणजे उत्तर आयर्लंडचा परवाना नाही.

मग जायचं कसं? डब्लिनच्या कॉनली स्थानकावरून स्लायगोची आगगाडी घ्या. तीन तासांच्या आसपास लागतात आणि सगळा मार्ग प्रजासत्ताकातून आहे. स्लायगोहून बंडोरन, बॅलीशॅननवरून डोनेगल गावाची बस. तिथून किलिबेग्ज आणि कॅरिकमार्गे ग्लेनकोलमकिल. हा शेवटचा टप्पा जपून आखा, बस थोड्या असतात आणि रविवारी आणखी थोड्या. वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. डोनेगलमध्ये आगगाडी शोधू नका. तिथली शेवटची छोटी रेल्वे 1959 संपता संपता प्रवाशांसाठी बंद झाली.

किलिबेग्ज हे देशातलं सर्वांत मोठं मासेमारीचं बंदर. बस बदलायला तिथे वेळ मिळाला तर धक्क्यावर उभ्या असलेल्या बोटींचा आकार पाहून घ्या, आपल्या ससून डॉकची सवय झालेला माणूसही दचकतो. कॅरिकनंतर घरं विरळ होतात, दोन्ही बाजूंना काळपट दलदलीचं माळरान लागतं, आणि एका उतारावर खोरं एकदम समोर येतं.

पाट्यांबद्दल एक सूचना. हा आयरिशभाषक पट्टा आहे, इथे 2005 पासून रस्त्यावरच्या पाट्यांवर गावांची नावं फक्त आयरिशमध्ये असतात. तुमच्या फोनमधलं इंग्रजी स्पेलिंग आणि पाटीवरचं स्पेलिंग जुळणार नाही. निघण्याआधी कॅरिक, किलकार आणि ग्लेनकोलमकिल ही तीन नावं आयरिश स्पेलिंगमध्ये कागदावर उतरवून ठेवा.

प्रश्न : आम्ही हिंदू. त्या ‘तुरस’मध्ये आम्ही चाललो तर चालेल का? लोकांना राग येणार नाही ना? (ठाणे)

नाही येणार. विचारतील ते एवढंच, ‘कुठून आलात?’ आणि मग पावसाबद्दल बोलतील.

काही पाळायचे नियम मात्र आहेत. प्रत्येक थांब्याभोवती प्रदक्षिणा उजवीच घालायची, सूर्याच्या दिशेने. हे तुमच्या पायांना शिकवावं लागणार नाही. काही थांब्यांवर यात्रेकरू शिळेला पाठ लावून उभे राहतात आणि जग, देह आणि सैतान यांचा त्याग केल्याचं म्हणतात. त्यांच्या प्रार्थना सुरू असतील तर बाजूला थांबा, मध्ये घुसून फोटो नको. 9 जूनला कॅमेरा खिशातच ठेवलेला बरा. प्रार्थना येत नसतील तर गप्प चाला, गप्प चालणारे तिथलेही पुष्कळ असतात.

आणि जमीन खासगी आहे हे विसरू नका. शेतकऱ्याने वाट दिली आहे ती त्याच्या मर्जीने. फाटक बंद असेल तर आत गेल्यावर बंद करा, उघडं असेल तर उघडंच ठेवा. दगडी गडग्यांवर चढू नका, ते नुसते एकावर एक रचलेले असतात, मध्ये चुना-सिमेंट काही नसतं. शिळांवरच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवणारे, पाणी ओतून ब्रशने घासणारे महाभाग मी पाहिले आहेत. कृपया करू नका.

प्रश्न : साखर कारखान्यात हयात गेली. त्या खोऱ्यात एका पाद्र्याने सहकार उभा केला असं कानावर आलं. खरं का? की नुसती दंतकथा? (कोल्हापूर)

खरं आहे, काका. आणि मला विचाराल तर संतापेक्षा या पाद्र्यासाठी मी तिथे जास्त वेळा गेले आहे.

फादर जेम्स मॅकडायर. जन्म 1910, डोनेगलमध्येच ग्लेंटीजजवळ. 1951 मध्ये टोरी बेटावरून त्यांची बदली ग्लेनकोलमकिलला झाली. आपल्याकडे प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला तोच हा सुमार. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण तुमच्या मनात काळाची खूण राहावी म्हणून सांगितलं. खोऱ्यात तेव्हा वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं, धड रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, कारखाना तर नव्हताच. पुरुष हंगामात बटाटे काढायला स्कॉटलंडला जात. तरुण मुलं-मुली एकदा गेली की परत येत नसत. लग्नं कमी, बारशी कमी, मयती नेहमीच्याच. असं चाललं तर एका पिढीत खोरं ओस पडेल हे त्यांना दिसत होतं.

त्यांनी प्रवचनाने सुरुवात केली नाही, सभागृहाने केली. गावकऱ्यांनी श्रमदानातून ते बांधलं. नाच-गाण्याला, नाटकाला, बैठकीला एक छप्पर झालं. मग वीज, पाणी, रस्ते यांसाठी सरकारदरबारी खेटे. माणसाला चिकाटी होती आणि तोंडही होतं.

पुढचा भाग तुमच्यासाठी. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भाजीपाल्यावर प्रक्रिया करणारी सहकारी संस्था काढली, आणि तिच्या पाठीशी उभी राहिली ती आयर्लंडची सरकारी साखर कंपनी! बिटाची साखर करणाऱ्या त्या कंपनीला त्या काळात भाज्या टिकवून विकण्याच्या धंद्यात शिरायचं होतं. चार-पाच एकरांचे दगडगोट्यांचे तुकडे कसणारे शेतकरी भाज्या पिकवायला लागले. जोडीला हातमागाचं कापड आणि लोकरी विणकाम. भाज्यांचं गणित पुढे टिकलं नाही. खारा वारा, आम्लधर्मी जमीन, बाजार लांब. तुम्हाला वेगळं सांगायला नको. जमिनी एकत्र करून सामुदायिक शेती करावी ही त्यांची कल्पनाही कागदावरच राहिली. काहींनी त्यांना साम्यवादी ठरवून टाकलं. कॅथलिक पाद्र्याला त्या काळात ही शिवी होती.

टिकलं ते पर्यटन. 1967 मध्ये गावकऱ्यांनी समुद्रकिनाऱ्याजवळच्या उतारावर गवताच्या छपरांची घरं बांधली, अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या सामान्य माणसांची घरं जशी होती तशी. वस्तू आणल्या त्या घराघरांतून. हे ते लोकग्राम, आजही उभं आहे आणि गावाच्याच हातात आहे. गवताची छपरं समुद्राच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोरांनी आवळून भिंतीत रोवलेल्या खुंट्यांना बांधतात, ते नीट पाहा. आत चुलीवर पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांचा, विस्तव असतो आणि त्याचा वास कपड्यांना दोन दिवस सोडत नाही. नंतर सुट्टीला येणाऱ्यांसाठी भाड्याची घरंही त्याच धर्तीवर बांधली गेली. मॅकडायर 1987 मध्ये वारले.

आयर्लंडमध्ये सहकार त्यांनी आणला असं मात्र कुठे लिहू नका. होरेस प्लंकेट यांनी 1894 मध्ये सहकारी संस्थांची मध्यवर्ती संघटना काढली होती, दूध डेअऱ्यांचं जाळं त्यातूनच वाढलं. डोनेगलमध्येच डंग्लो गावी टेम्पलक्रोन सहकारी संस्था 1906 पासून आहे, आणि तिचं दुकान आजही चालतं. मॅकडायरांचं वेगळेपण मला वाटतं ते हे की त्यांनी जे होतं तेच भांडवल धरलं. दुसरीकडच्या पाद्र्याने गवताची छपरं गरिबीची खूण म्हणून झाकली असती. यांनी तीच दाखवायला ठेवली आणि तिकीट लावलं.

लोकग्राम साधारण वसंतापासून शरदापर्यंत उघडं असतं. हिवाळ्यात जाणार असाल तर आधी चौकशी करा. कॅरिककडे किंवा कोलमकिलच्या शिळांकडे पळण्याआधी इथे निदान दोन तास द्या, आणि चहाच्या खोलीतल्या बायकांशी बोला. तिथे मला जेवढं कळलं तेवढं फलकांवरून नाही कळलं.

प्रश्न : इतके पैसे खर्च करून सात समुद्रांपार जायचं ते दगड बघायला? दगड आमच्या सह्याद्रीतही आहेत. (पुणे)

आहेत ना, आणि तुम्ही ते पाहिले असतील अशी आशा आहे.

दगड नकोत तर स्लीव्ह लीगला जा. कॅरिकहून टीलिन, तिथून बनग्लासच्या टोकापर्यंत. 601 मीटरचा डोंगर अटलांटिकमध्ये जवळजवळ सरळ उतरतो. मोहरचे सुप्रसिद्ध कडे जिथे सर्वांत उंच आहेत तिथे 214 मीटर भरतात, हिशेब तुम्हीच करा. वाऱ्याच्या दिवशी कड्यालगतच्या वाटेवर जाऊ नका आणि छत्री नेऊ नका. या किनाऱ्यावर छत्री म्हणजे वाऱ्याला दिलेली वर्गणी. टोपी असलेलं जाकीट हवं.

प्रश्न : शाकाहारी आहोत. तिथे उपाशी राहावं लागेल का? इथून काय न्यावं? (डोंबिवली)

उपाशी नाही, पण बटाट्यांशी मैत्री करावी लागेल. सोडा ब्रेड आणि लोणी उत्तम मिळतं, ताकात भिजवलेल्या पिठाचा तो ब्रेड गरम असताना तर फारच. ‘व्हेजिटेबल सूप’ मागताना ते कोंबडीच्या पाण्यात केलं आहे का हे विचारा. विचारलं तर खरं सांगतात, स्वतःहून सांगायचं त्यांच्या डोक्यात येत नाही. स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेणं सगळ्यांत बरं. सामान डोनेगल गावात किंवा किलिबेग्जला भरून घ्या, खोऱ्यातलं दुकान गरजेपुरतं आहे.

इथून काय नेऊ नये ते जास्त महत्त्वाचं. युरोपियन युनियनबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. पोहे, भाजणी, सुके मसाले, चटण्या चालतील. लाडवांत बेसनाचे असतील तर तुपाचा विचार करा, शेंगदाण्याचे असतील तर खुशाल.

जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडला की संध्याकाळी मिज नावाची बारीक चिलटं येतात. डासांसारखी गुणगुणत नाहीत, थेट कामाला लागतात. ओडोमॉसची नळी घेऊन जा, माझ्या अंगावर तरी ती चालली.

प्रश्न : अणुशक्तीनगरमध्ये पस्तीस वर्षं काढली. तिकडे अणुऊर्जेवर चालणारं दीपगृह होतं असं एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. थापा तर नाहीत? (मुंबई)

थापा नाहीत. ग्लेनकोलमकिलच्या नैर्ऋत्येला मॅलिन बेग नावाची वाडी आहे, तिच्या समोर समुद्रात रॅथलिन ओबर्न हे छोटं बेट. तिथल्या दीपगृहाला 1974 पासून 1987 पर्यंत अणुजनित्राची वीज होती. अणुभट्टी नव्हे, किरणोत्सर्गी पदार्थाच्या उष्णतेतून थेट वीज करणारी बंद पेटी. तिचं तत्त्व तुम्ही मला समजवाल. बेटावर राखणदार ठेवायचा नाही, तेल पोचवायला बोट पाठवायची नाही, असा त्यामागचा हिशेब. नंतर तिथे पवनऊर्जा आली. त्या किनाऱ्यावर वारा फुकट आणि अखंड मिळतो हे कळायला तेरा वर्षं का लागावीत, हा प्रश्न मीही तुमच्यासारख्या जाणकारांनाच विचारते.

बेटावर जायची सोय धरून चालू नका. मॅलिन बेगच्या किनाऱ्यावरून ते स्वच्छ दिवशी नीट दिसतं. तिथेच घोड्याच्या नालाच्या आकाराची पांढऱ्या वाळूची पुळण आहे, खाली उतरायला दीडशेहून जास्त पायऱ्या. जाताना वाटेत मॅलिन मोअरला क्लोघनमोअरचं मोठमोठ्या दगडांचं नवाश्मयुगातलं थडगं लागतं, पाच हजार वर्षांहून जुनं, रस्त्यापासून थोडंसंच आत, पायवाट मात्र ओली असते. सांगलीच्या बाईंच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपणार नाहीत. त्यांनी वरच्या गाडीतळावरूनच पाहावं, दीपगृह तिथूनही दिसतं.